नेपाळची सीमा: उघडीच ठेवायची, की येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायची?

बागायतदार_पावस

मंडळी, आमच्या रत्नागिरीकडे आंब्याच्या बागा राखायला नेपाळी माणसं असतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. राखण, फवारणी, काढणी, पेट्या भरणं सगळं तेच करतात. दिवाळीच्या आगेमागे येतात आणि पाऊस लागायच्या आत आपल्या घरच्या भातलावणीला परत जातात. बंदरातल्या ट्रॉलरवर खलाशीसुद्धा बरेचसे नेपाळीच. आमच्याकडे येतात ते बहुतेक कैलाली, अछाम, बाजुरा, सुर्खेत अशा पश्चिम नेपाळातल्या जिल्ह्यांतले. बनबसा नाहीतर गौरीफंट्यावरून चालत इकडे यायचं, बसने दिल्ली, पुढे रेल्वे. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, कुणी हटकलंच तर नागरिकतेचं कार्ड दाखवायचं.

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, तुरुंग फुटले आणि हजारो कैदी पळाले. त्यातले काही आपल्या सीमेवर सशस्त्र सीमा बलाने म्हणजे एसएसबीने पकडले. तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या टपरीवर पण एकच, सीमा बंद करा. मला हे पटत नाही, पण "चाललंय तसं चालू द्या" हेही पटत नाही. कोण आलं आणि कोण गेलं याची नोंद व्हावी, पण परवानगी मागायला लागू नये, असं माझं मत. मी बागेतल्या माणसांची नावं पोलीस ठाण्यात देतो, त्यात कुणाला कमीपणा वाटलेला नाही. उलट काही झालं तर ठाण्यात आपलं नाव आहे याचा त्यांना आधारच वाटतो.

तर असं नोंद करून मोकळं सोडणं कुठे जमलंय का? आणि ज्यांच्याकडे कागदच नाहीत त्यांचं काय करायचं?

चहाबाज

बंद करा म्हणणाऱ्यांना सांगा, ती सीमा १,७५१ किलोमीटर आहे. उत्तराखंड, यूपी, बिहार, बंगाल, सिक्कीम. मध्ये नद्या, जंगलं, शेतं, आणि काही ठिकाणी तर घराचं दार भारतात आणि गोठा नेपाळात. नोंदीला +१.

कडक_तपासणी

भावना समजू शकतो पण जरा मागचं आठवा. २४ डिसेंबर १९९९ ला अपहरण झालेलं आयसी-८१४ विमान काठमांडूहूनच निघालं होतं. जर्मन बेकरी स्फोटाच्या प्रकरणातला आरोपी यासिन भटकळ ऑगस्ट २०१३ मध्ये नेपाळ सीमेजवळ सापडला, त्याच महिन्यात लष्कर-ए-तैयबाचा म्हणून हवा असलेला अब्दुल करीम टुंडा बनबशाला सापडला. पुण्यात माणसं मेली आहेत हो, हे काही कुठल्या लांबच्या देशाचं प्रकरण नाही. आणि गंमत म्हणजे विमान अपहरणानंतर विमानाने जाणाऱ्याला ओळखपत्र सक्तीचं केलं, पण चालत जाणाऱ्याला काहीच नाही. म्हणजे ज्याच्याकडे तिकिटाला पैसे आहेत त्याची तपासणी, आणि ज्याला लपायचंय त्याने सायकल घ्यावी? भारत-नेपाळचा १९५० चा मैत्री करार वेगळ्या काळातला आहे. माझं म्हणणं सरळ आहे, पासपोर्ट नाहीतर सरकारी ओळखपत्र, स्कॅन, आणि ठरलेल्या नाक्यावरूनच ये-जा.

सातारकर_निवृत्त

मी एसएसबीत होतो, बहुतेक नोकरी बिहार आणि यूपीच्या नेपाळ बाजूला झाली. कडक_तपासणी साहेब, तुमचा राग बरोबर आहे पण एक गोष्ट बघा. तुम्ही जी दोन नावं घेतली ती रांग लावून सापडलेली नाहीत. आधी खबर होती, माणूस कुठे येणार ते माहीत होतं, मग उचलला. खबर देणारं कोण असतं? तिथली माणसं. ज्या गावाला तुम्ही रोज त्रास देता ते गाव तुम्हाला खबर देत नाही, हे मी स्वतः बघितलंय.

आता जमिनीवर कसं असतं ते सांगतो. दोन देशांच्या मध्ये पट्टी असते, तिला तिकडे दशगजा म्हणतात, मध्ये मध्ये सीमेचे खांब. खांब पुरात वाहून पण जातात. चौकी असते, तिथून गस्त निघते सायकलवर नाहीतर चालत. दोन चौक्यांच्या मधे काही किलोमीटर अंतर असतंय, आणि त्या अंतरात सकाळी पोरं शाळेला, बाया बाजारला, म्हातारी माणसं लेकीच्या घरी. त्याला तिकडे रोटी-बेटीचं नातं म्हणतात आणि ते खरंच तसं आहे, अख्खी वरात सीमा ओलांडून जाते. त्या प्रत्येकाचं कार्ड स्कॅन करायचं म्हटलं तर माझा जवान दिवसभर मशीन धरून बसणार आणि ज्याला पकडायचं तो बाजूच्या उसातून जाणार.

आम्ही काय करायचो, चेहरा ओळखीचा असेल तर जाऊ द्यायचो, अनोळखी असेल तर विचारायचो. कुठून आला, कुणाकडे चालला, बोली कुठली. तिसऱ्या देशाचा माणूस असेल तर तो लगेच कळतो, त्याला ही सवलत नाहीच, त्याला इमिग्रेशनच्या नाक्यावरूनच यावं लागतं, व्हिसासकट. तेव्हा सीमा उघडी आहे ती फक्त भारतीय आणि नेपाळी माणसाला, हे टीव्हीवाले सांगत नाहीत.

नोंदीला माझा विरोध नाही. मोठ्या नाक्यांवर रक्सौल, सोनौली, जोगबनी, रुपईडिहा, तिथे जरूर करा. गावच्या पायवाटेवर नको.

वऱ्हाडी_ठेचा

काका, असा प्रतिसाद वाचला की इथं यायचं सार्थक होतं. उसातून जाणारा माणूस स्कॅनरला सापडत नाही, हे दिल्लीत फ्रेम करून लावा.

मेधा_प

मला या चर्चेत एक बाजू दिसत नाहीये ती मांडते. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत कुंटणखान्यांवर धाडी पडल्या, शेकडो मुली सोडवल्या, त्यात नेपाळच्या खूप होत्या, अगदी लहान वयाच्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला का कू करत होतं, शेवटी तिथल्या संस्थांनी पुढाकार घेऊन नेलं. अनुराधा कोईराला यांची 'माइती नेपाल' ही त्यातली एक. ही संस्था सीमेच्या नाक्यांवर बायका उभ्या करते, त्यातल्या काही स्वतः यातून सुटून आलेल्या. मुलीबरोबरचा माणूस नक्की कोण, मुलीला कुठे चाललोय ते माहीत आहे का, दोघांना वेगवेगळं विचारतात आणि उत्तरं जुळली नाहीत की थांबवतात.

यात कागदाचा उपयोग किती? दलालाकडे कागद नेहमीच चोख असतात. मुलीच्या हातात काही नसतं. म्हणून मला नोंद हवी आहे पण ती मशीनवाली कोरडी नोंद नको, जिथे कुणीतरी बोलतं अशी हवी. सातारकर काकांनी सांगितलं तसं विचारणं, आणि विचारणारी बाई असणं.

कडक_तपासणी

@मेधा_प हा मुद्दा मान्य. पण मग नाकी ठरलेली हवीत ना? पायवाटेवर कोण बाई उभी राहणार? सगळ्या वाटा मोकळ्या ठेवून तुम्ही दलालालाच मदत करताय.

मेधा_प

नाकी वाढवा असं म्हणेन मी. वाटा बंद केल्या तर पहिली अडकते ती बाजारला जाणारी, दलाल नाही.

लोकटाक

मी बँकेच्या नोकरीत काही वर्षं इंफाळला होतो म्हणून दुसऱ्या टोकाचं लिहितो, कारण तिथे नेमका हाच प्रयोग सध्या चालू आहे. म्यानमारची सीमा १,६४३ किमी. दोन्ही बाजूंच्या डोंगरी लोकांना १६ किलोमीटर आतपर्यंत व्हिसाशिवाय जाता यायचं, मुक्त संचार व्यवस्था म्हणायचे. मणिपुरातल्या मोरे गावाहून पलीकडे म्यानमारमधल्या तामूच्या बाजारात लोक सकाळी जाऊन दुपारी परत. २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, निर्वासित आले, मग मे २०२३ ला मणिपूर पेटलं, शस्त्रं आणि अमली पदार्थ या वाटेने येतात ही तक्रार होतीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये गृहमंत्र्यांनी ही व्यवस्था रद्द करणार आणि सगळ्या सीमेला कुंपण घालणार असं जाहीर केलं. मिझोराम आणि नागालँड दोन्ही विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. कारण तिकडे कुंपण म्हणजे एकाच कुळाचे दोन तुकडे. नागालँडच्या मोन जिल्ह्यात लोंगवा गाव आहे, तिथल्या आंगच्या म्हणजे राजाच्या घरातूनच सीमारेषा जाते.

शेवटी डिसेंबर २०२४ पासून मधला मार्ग निघाला. १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला सीमापास, तो ७ दिवस चालतो, आसाम रायफल्सच्या चौकीवर बोटांचे ठसे घेऊन देतात. म्हणजे धागाकर्त्याने विचारलंय तसं नोंद आहे आणि व्हिसा नाही. कागदावर ठीक. पण चौकी घरापासून दिवसभराच्या चालीवर असेल तर पास असून नसल्यासारखा. मिठाला आणि औषधाला जाणारा माणूस आधी उलट दिशेला चौकी गाठणार का? मी तिथल्या ओळखीच्यांशी बोलतो तेव्हा हीच तक्रार असते, नियमावर राग नाही, अंतरावर आहे.

बागायतदार_पावस

@लोकटाक हे फार मोलाचं. म्हणजे नोंदीची चौकी माणसाच्या रोजच्या वाटेवर हवी, माणसाने चौकीकडे वाट वाकडी करायची नाही.

अनघा_बासेल

इकडचं सांगते. बासेल तीन देशांच्या कोपऱ्यात आहे, ८ नंबरची ट्राम जर्मनीत वाइल आम राइनला जाते, ३ नंबरची फ्रान्समध्ये सँ-लुईला. स्वित्झर्लंडमध्ये राहायला नसलेले पण रोज कामाला येणारे सुमारे ४ लाख लोक आहेत, त्यांना 'G' नावाचं परमिट मिळतं. तेच त्यांची नोंद. परमिट एकदा काढलं की रोज सीमेवर दाखवावं लागत नाही, माणूस कुठे काम करतो, कुठे राहतो, कर कुठे भरतो हे सगळं दोन्ही सरकारांना माहीत असतं. सीमेवर तपासण्यापेक्षा कामाच्या ठिकाणी नोंद. तुमची पोलीस ठाण्यातली यादी, बागायतदार, तत्त्वतः तीच गोष्ट आहे.

पण शेंगेन, म्हणजे सीमेवर तपासणी नसलेला युरोपातल्या देशांचा गट, कायम मोकळा असं समजू नका. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी परत आणली. नियमात तात्पुरती अशी तरतूद आहे, आणि ती तात्पुरती वाढतच चाललीये. ट्राममध्ये पोलीस चढतात आणि नेमके आपल्यासारख्या रंगाच्या लोकांकडे आधी वळतात, हे मी अनेकदा बघितलंय आणि मला त्याचा संताप येतो. म्हणून सातारकर काका म्हणतात ते "अनोळखी चेहरा" प्रकरण मला थोडं घाबरवतं. चेहऱ्यावरून विचारायचं म्हटलं की ठरावीक लोकांनाच विचारलं जातं. सगळ्यांना सारखा स्कॅनरचा एक बीप बरा.

अवांतर: पलीकडून स्वस्त किराणा आणताना २०२५ पासून माणशी १५० फ्रँकच माफ आहेत, आधी ३०० होते. इथली मराठी मंडळी अतिरेक्यांपेक्षा यावर जास्त वेळ बोलतात :)

सातारकर_निवृत्त

अनघाताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. सीमेवर मधेशी म्हणजे नेपाळच्या तराईतल्या माणसाला दोन्हीकडून हा जाच होतो, काठमांडूत त्याला भारतीय समजतात आणि आपल्याकडे नेपाळी. जवान बदलून येतो, दक्षिणेतला असतो नाहीतर आमच्यासारखा सातारचा, त्याला भाषा कळत नाही, मग तो कपड्यांवरून ठरवतो. बीपचं म्हणणं मोठ्या नाक्यासाठी मला पटतं.

शमा_सिंगापूर

सिंगापूर आणि पुलापलीकडचं मलेशियातलं जोहोर. मार्च २०२४ पासून गाडीतल्या लोकांना पासपोर्टऐवजी फोनवरचा क्यूआर चालतो, अख्ख्या कुटुंबाचा एकच कोड करता येतो. तरी लाँग वीकेंडला कॉजवेवर तासन्‌तास गाड्या उभ्या असतात बरं का. तंत्रज्ञानाने तपासणी लवकर होते, पण रस्ता काही रुंद होत नाही.

गोदाकाठ

मी नांदेडचा. हुजूर साहिबमुळे आमच्या शहरात पंजाबची ये-जा असते आणि पाकिस्तानातल्या करतारपूर गुरुद्वाऱ्याचा विषय घरोघरी निघायचा. ९ नोव्हेंबर २०१९ ला तो मार्ग उघडला तेव्हा लोकांच्या डोळ्यात पाणी होतं. व्हिसा नाही, पण पासपोर्ट हवा, आधी ऑनलाइन अर्ज, पोलीस पडताळणी, २० डॉलर शुल्क, दिवसाला ५,००० ची मर्यादा, संध्याकाळपर्यंत परत. सुरक्षा आणि प्रवास यांचा मेळ घालायचा तर यापेक्षा काटेकोर व्यवस्था मला माहीत नाही. आणि तरी काय झालं? कोविडमध्ये बंद, नोव्हेंबर २०२१ ला उघडला, मे २०२५ ला पुन्हा बंद. व्यवस्थेत कुठेच खोट नव्हती, दोन सरकारांचं जमत नाही. म्हणून नेपाळबरोबर जे आहे ते सांभाळा. तिथे विश्वास अजून आहे, त्याच्यावर नोंद उभी राहील. विश्वास संपल्यावर कितीही स्कॅनर लावा, गेट बंदच राहणार.

सुपारीवाला_श्रीवर्धन

विषय माणसांचा चाललाय पण मालाचं पण बोला. तिसऱ्या देशातली सुपारी आणि मिरी नेपाळमार्गे चोरून येते आणि आमच्या कोकणातल्या सुपारीचा भाव पडतो. चिनी लसूण तर २०१४ पासून बंदी असून बाजारात दिसतो. इकडून तिकडे अनुदानाचा युरिया जातो. माणूस मोकळा सोडा, गोणी तपासा!

चहाबाज

गोणीला बोली नसते, तेव्हा काकांची पद्धत तिथे चालणार नाही.

बीरगंज_बॅकअप

मी रक्सौलसमोर नेपाळात बीरगंजला कारखान्यात होतो. नेपाळी माणसाच्या बाजूने एक सांगतो, कारण धाग्यात सगळे आपल्याच सुरक्षेबद्दल बोलतायत. २० सप्टेंबर २०१५ ला त्यांची नवी राज्यघटना आली, तराईत आंदोलन पेटलं आणि रक्सौलच्या पुलावर ट्रक थांबले ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. पेट्रोल नाही, स्वयंपाकाचा गॅस नाही, एप्रिलच्या भूकंपातून लोक अजून उठले नव्हते. भारत म्हणत होता आम्ही अडवलं नाही, आंदोलक बसलेत, पण काठमांडूतला माणूस आजही ती भारताची नाकाबंदीच मानतो. लाकडावर स्वयंपाक करणाऱ्या माझ्या शेजारणीला तुम्ही कुठलंही स्पष्टीकरण द्या. त्यानंतर त्यांच्यातले पण कितीतरी जण सीमा नियंत्रित करा म्हणायला लागले. तेव्हा नोंद म्हटल्यावर नेपाळ विरोधच करेल असं समजू नका. त्यांना भीती आहे ती आपण मनाला येईल तेव्हा दार लावू याची.

भटकी_सई

मधेच विचारते, सॉरी. आईबाबांना घेऊन पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ करायचंय, विमानाने. आधार चालेल ना?

सातारकर_निवृत्त

@भटकी_सई १५ च्या खाली आणि ६५ च्या वर असतील तर आधार चालतं. तुमच्या वयाला पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र, नुसतं आधार नको. मुक्तिनाथला थंडी असते, आईबाबांना हळूहळू वर न्या.

भटकी_सई

खूप आभार काका! बाबा ६३ चे आहेत, म्हणजे त्यांचं मतदार कार्ड शोधते आता.

कायद्याचं_बोला

इतका वेळ वाचत होतो. मंडळी, या प्रश्नाचं उत्तर लिहून तयार आहे, फक्त कुणी उघडलेलं नाही. २०१६ मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून जाणत्या व्यक्तींचा एक गट नेमला, चार भारताचे, चार नेपाळचे. नेपाळकडून भेख बहादुर थापा, आणि भारताकडून कोण माहितीये? भगतसिंह कोश्यारी, जे नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. ते मूळचे उत्तराखंडचे, म्हणजे सीमेवरच्याच राज्यातले. जुलै २०१८ मध्ये अहवाल पूर्ण झाला, आठही जणांच्या सहमतीने. दोन्ही पंतप्रधानांना सादर करायचा होता, तो आजवर स्वीकारलेलाच नाही. वृत्तपत्रांत जे आलं त्यावरून १९५० च्या कराराच्या जागी नवा करार आणि सीमेवर ओळखपत्र दाखवून ये-जा अशा शिफारशी त्यात आहेत. म्हणजे साधारण कडक_तपासणी आणि बागायतदार यांच्या मधलं काहीतरी.

माझी चीड यावर आहे. दोन वर्षं दोन देशांची माणसं बसली, एकमत झालं, आणि तो कागद कपाटात. आपण इथे वाद घालतोय त्यातलं निम्मं त्या कागदावर असेल. तो जाहीर करा अशी मागणी निदान आपल्या खासदाराकडे तरी करायला हवी.

कडक_तपासणी

हे माहीत नव्हतं. आठही जण सहमत असतील तर अहवाल बाहेर यायलाच हवा. माझा आग्रह ओळखपत्राचा आहे, पासपोर्टचा सोडतो. बाजूच्या गावातल्यांना लोकटाक म्हणतात तसा पास द्या, पण कायमचा, ७ दिवसांचा नको. मोठ्या नाक्यावर मात्र बीप हवाच, आणि तो कामाला लांब जाणाऱ्यांना लागू हवा. रत्नागिरीला येणारा माणूस काही बाजाराला आलेला नाही.

बागायतदार_पावस

हे मला मान्य आहे. मार्च २०२० ला सीमा बंद झाली तेव्हा आमच्याकडची माणसं निघाली आणि वाटेत अडकली. धारचुल्याला काहींनी घरी जायला सीमेवरच्या महाकाली नदीत उड्या टाकल्या अशा बातम्या होत्या. कुणाकडेच यादी नव्हती की आपली किती माणसं पलीकडे आहेत, ना त्यांच्या सरकारकडे, ना आपल्या. नोंद असती तर गाड्या तरी सोडता आल्या असत्या. म्हणून मी म्हणतो नोंद ही पकडण्यासाठी जितकी तितकीच पोचवण्यासाठी. हापूसच्या पेटीवर क्यूआर लावून कुठल्या बागेचा ते कळतं, ती पेटी भरणाऱ्याचं नाव कुठेच नाही, हे मला खटकतं.

पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच. कागद नसलेल्यांचं काय? बागेत बायका-मुलं पण येतात.

मेधा_प

त्यावर लिहिते. नेपाळात नागरिकतेचं प्रमाणपत्र १६ व्या वर्षी मिळतं, त्याच्या आधी नाही. म्हणजे ओळखपत्र सक्तीचं केलं की आईबापाबरोबर येणारं प्रत्येक मूल बिनकागदाचं ठरणार. जन्मदर्त्याचा म्हणजे जन्मनोंदणीचा दाखला चालवून घ्या, आणि तोही नसेल तर आईच्या कार्डावर मुलांची नावं नाक्यावरच लिहून घ्या, परत जाताना तीच मुलं आहेत का बघा. त्यात दलालालाही चाप बसतो, कारण नेलेलं मूल परत आलं नाही हे पहिल्यांदा कुठेतरी दिसेल. आत्ता ते कुठेच दिसत नाही. बागायतदार, तुम्ही ठाण्यात नावं देता तेव्हा मुलांचीही देता का? देत नसाल तर या हंगामापासून द्या.

बागायतदार_पावस

देतो आता. आणि बागायतदारांच्या बैठकीत पण हे मांडतो, बाकीच्यांनीही द्यावीत म्हणून. @कायद्याचं_बोला खासदारांना पत्र लिहायचं तर मसुदा तुम्ही करा, सह्या मी इकडून गोळा करतो.